मोडलेल्या छपराला साडेसहा हजार: आपत्तीतला सरकारी पैसा येतो कुठून आणि गोव्यात अडतो कुठे

पावसाळ्यात मंगळुरी कौलांच्या घरावर माड किंवा फणस आडवा होणं ही गोव्यात बातमी राहिलेली नाही. जून उजाडला की अग्निशामक दलाच्या जवानांच्या हातात करवत येते ती चवथीपर्यंत. झाड कापून गाडी परत जाते आणि मागे राहतं उघडं छप्पर. ते कोणाच्या पैशाने झाकायचं? केंद्राने २०२२ ते २०२६ साठी काढलेल्या दरपत्रकात याचं उत्तर आहे. पक्क्या घराचं किमान पंधरा टक्के नुकसान झालं असेल तर ६,५०० रुपये. घर कच्चं असेल तर ४,०००. घर पूर्णच गेलं तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,०००. गुरांचा गोठा पडला तर ३,०००.

वासे, रिपा, कौलं आणि सुताराची मजुरी असा हिशेब ज्याने हल्ली केला असेल, त्याला साडेसहा हजारांत काय येतं ते सांगायला नको. पण हे पैसे घर पूर्ववत बांधून देण्यासाठी ठरवलेलेच नाहीत. कागदोपत्री ती तातडीची मदत आहे, झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याचं बंधन सरकारने त्यात घेतलेलं नाही. वर भर घालायची मोकळीक राज्याला आहे, मात्र ती भर राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून जाते. शेतीच्या नुकसानीसाठी कृषी खात्याची ‘शेतकरी आधार निधी’ योजना आहे, ती याच प्रकारातली.

आता मूळ पैशाकडे वळू. पूर्वी आपत्ती आली की राज्याने दिल्लीकडे हात पसरायचे आणि दिल्लीने मर्जीप्रमाणे द्यायचं, असा मामला होता. १९९० पासून नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने प्रत्येक राज्याला आधीच एक कायमचा निधी बांधून देण्यात आला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि २०१० पासून तोच निधी ‘राज्य आपत्ती प्रतिसाद निधी’ या नावाने चालू लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेला चहापत्तीच्या डब्यात थोडे पैसे वेगळे काढून ठेवतात, तशातलीच ही तऱ्हा. अडचण आली की पहिला हात त्या डब्यात घालायचा. शंभर रुपयांतले ७५ केंद्र घालतं आणि २५ राज्य. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९० आणि १० अशी सवलत आहे, गोव्याला ती नाही. केंद्राचा वाटा वर्षातून दोन हप्त्यांत, जून आणि डिसेंबरमध्ये येतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले होते. त्यातले ऐंशी टक्के आपत्ती आल्यानंतर खर्चायचे आणि वीस टक्के ती यायच्या आधी धोका कमी करायला. हा दुसरा भाग नवा आहे. बांध उंच करणं, दरड कोसळेल अशी जागा धरून ठेवणं, नाल्याला वाट मोकळी करून देणं ही कामं त्यात बसतात. आपल्याकडे चर्चा नेहमी पहिल्या भागाचीच होते, कारण धनादेश देतानाचा फोटो तिथे निघतो. मजबूत केलेल्या बांधाचा फोटो कोण काढणार?

कोणत्या राज्याला किती द्यायचं याचंही या आयोगाचं गणित होतं. आधीच्या वर्षांत आपत्तीवर झालेल्या खर्चाला सत्तर टक्के वजन, क्षेत्रफळाला पंधरा, लोकसंख्येला पंधरा, आणि येणाऱ्या आकड्याला त्या राज्याच्या धोक्याच्या निर्देशांकाची जोड. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण गोवा लहान, माणसं कमी आणि मागचा खर्चही थोडा. तिन्ही बाजूंनी आकडा खालीच येतो, आणि देशातल्या सर्वांत लहान वाट्यांमध्ये आपला वाटा जाऊन बसतो. ज्याने पूर्वी जास्त खर्च केला त्याला पुढेही जास्त, हे सूत्र मला तरी पटत नाही. खर्च कमी झाला तो नुकसान कमी होतं म्हणून की लोकांनी मागितलंच नाही म्हणून, हे त्या सूत्रातून कळत नाही.

राज्याचा डबा पुरला नाही तर वर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी आहे. तिथे पोचायला राज्याने सविस्तर निवेदन पाठवावं लागतं. मग वेगवेगळ्या मंत्रालयांचं केंद्रीय पथक पाहणीला येतं, त्याच्या अहवालावर एक उपसमिती बसते आणि शेवटचा शब्द गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीचा. मंजूर रकमेतून राज्याच्या निधीत शिल्लक असलेल्या रकमेचा निम्मा भाग आधी वळता करून घेतात. या राष्ट्रीय निधीला पैसा पुरवणारा एक वेगळा करही आहे, भूजच्या भूकंपानंतर २००१ मध्ये लावलेला राष्ट्रीय आपत्ती आकस्मिक शुल्क. तो मुख्यतः तंबाखूच्या मालावर असतो. म्हणजे पणजीच्या कदंब बसस्टँडबाहेर सिगारेट ओढणारा माणूस नकळत कुठल्या तरी पूरग्रस्ताला हातभार लावत असतो. त्याला याचं पुण्य मिळतं की नाही, ते देव जाणे.

नुकसान किती मोठं झालं म्हणजे ‘गंभीर’ म्हणायचं, याची आकड्यातली रेघ आपल्याकडे नाही. ‘राष्ट्रीय आपत्ती’ जाहीर करण्याची तर तरतूदच नाही, टीव्हीवर कितीही मागणी झाली तरी. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला डोंगर खाली आला, पण ती आपत्ती गंभीर स्वरूपाची असल्याचं केंद्राने मान्य करायला डिसेंबर उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुनर्वसनासाठी ५२९.५० कोटी मंजूर झाले, तेही पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपाने.

आकड्यातली रेघ नसण्याचा फटका लहान राज्याला जास्त बसतो, असं माझं मत आहे. जुलै २०२१ ची ती रात्र आठवा. सत्तरी तालुक्यात म्हादई नदीला पूर आला, डिचोली, धारबांदोडा आणि पेडण्यातही पाणी चढलं, घरं कोसळली, शेतं गाळाखाली गेली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचं सांगितलं. पण त्याच दिवसांत चिपळूण बुडालं होतं आणि महाडजवळच्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. देशाची नजर तिकडे जाणं साहजिकच होतं. सत्तरीत घर गमावलेल्याचं दुःख त्यामुळे लहान झालं नाही, पण दिल्लीतून मोजताना ते लहान दिसलं.

युरोपात हे वेगळ्या तऱ्हेने मोजतात. २००२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकियात महापूर आल्यावर युरोपीय संघाने एक एकजूट निधी उभारला. संकटात सापडलेल्या सदस्य देशाला बाकीच्यांच्या तिजोरीतून मदत, ही त्यामागची कल्पना. देशाचं नुकसान एका ठरावीक रकमेच्या किंवा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ टक्क्यांच्या वर गेलं की दार उघडतं. शिवाय एखाद्याच प्रदेशाला मार बसला असेल तर त्या प्रदेशाच्या उत्पन्नाच्या दीड टक्क्यावर गेलेलं नुकसान पुरेसं धरतात. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या जंगलांत वणवे पेटले आणि शंभरावर माणसं दगावली, तेव्हा याच निधीतून ५ कोटी ६ लाख युरो मिळाले. गोव्यातल्या कितीतरी घरांतला एखादा पोरगा तिकडे नोकरीला असतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला तितकी परकी नाही. तिथेही पैसे यायला महिने लागतात आणि लोक कुरकुरतात. पण नुकसान त्या प्रदेशाच्या ऐपतीशी ताडून पाहण्याची पद्धत आपल्या वित्त आयोगाने उचलली असती, तर गोवा, सिक्कीम अशा राज्यांना आपलं संकट मोठं आहे हे पटवत बसावं लागलं नसतं.

असो. दिल्लीतलं गणित बदलणं आपल्या हाती नाही. गावात पैसे कसे मोजतात, ते मात्र माहीत असायला हवं.

२०२२-२६ च्या त्याच दरपत्रकात शेतीचे दर हेक्टरी आहेत. पावसावरच्या पिकाला ८,५००, पाणी देता येणाऱ्या शेताला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना, म्हणजे माड, पोफळ, काजू यांना २२,५०० रुपये. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त दोन हेक्टरांपर्यंत, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं तरच. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. गोव्यात हेक्टरची भाषा कोणी बोलत नाही, आपण चौरस मीटर बोलतो. तर समजा, तीन हजार चौरस मीटर सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात ऐन कापणीच्या तोंडावर पाण्यात गेलं. तीन हजार मीटर म्हणजे ०.३ हेक्टर. मदत झाली २,५५० रुपये. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ किनारा न ओलांडता नुसतं बाजूने गेलं, तरी उभं भात आडवं झालं होतं. अशा वेळी कापणी यंत्राचं भाडं, मजुरी आणि बियाणं या सगळ्याला पुरून उरायचे ते हे अडीच हजार.

कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेचा, हिशेब आणखी चमत्कारिक आहे. दोन हजार चौरस मीटरचं कुळागर घ्या. शिफारस केल्याप्रमाणे सुमारे पावणेतीन मीटरवर पोफळी लावल्या असतील तर तिथे २७० च्या आसपास झाडं बसतात. वादळात त्यातली ६० पडली. पडझडीवरून मोजलं तर नुकसान झालं बावीस टक्के, म्हणजे केंद्राच्या दराने हाती शून्य. शंभर पडली असती तर सदतीस टक्के भरलं असतं आणि ४,५०० रुपये मिळाले असते. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्या मधल्या वर्षांचं उत्पन्न या हिशेबात कुठेच धरलेलं नाही. शिवाय आपलं कुळागर म्हणजे पोफळीवर मिरी, खाली केळी, मध्ये माड आणि एखादा जायफळ. हेक्टरी एकच दर लावणाऱ्याने कुळागर कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

आणखी एक अट गोव्याला नडते. घरात पाणी शिरून कपडे आणि भांडी गेली तर कुटुंबाला प्रत्येकी २,५०० रुपये द्यायची तरतूद आहे. पण घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण मोडलेलं हवं, नाहीतर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असायला हवं. बिहारमध्ये पाणी आठवडाभर साचून राहतं. साखळी शहराच्या बाजारात वाळवंटी नदी चढते, तांदळाच्या गोणी आणि फ्रिज भिजवते आणि काही तासांत उतरतेही. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला जे झालं, तेही अचानक आलं आणि गेलं. चिखल तेवढाच, नुकसान तेवढंच, पण घड्याळ लावलं तर अट पुरी होत नाही.

मच्छीमाराची होडी पूर्ण गेली तर १५,००० आणि जाळं गेलं तर ४,०००. दुरुस्तीला अनुक्रमे ६,००० आणि ३,०००. फायबरची होडी आणि तिला लावलेलं इंजिन हा लाखांतला व्यवहार आहे, त्यामुळे यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

माणूस गेला तर वारसाला ४ लाख. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा राज्यात दोन बळी गेले. त्या वादळातल्या मृतांच्या वारसांना पंतप्रधानांनी २ लाख आणि जखमींना ५०,००० वेगळे जाहीर केले होते. एका मृत्यूसाठी असे दोन ओघ असू शकतात आणि दोन्हींचे कागद वेगळे फिरतात, हे कुटुंबाला कोणीतरी सांगावं लागतं. मात्र मृत्यू यादीतल्या आपत्तीनेच झालेला असावा लागतो. चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, दरड, ढगफुटी, आग, गारपीट, दुष्काळ, कीड अशी केंद्राची यादी आहे. २०२१-२६ च्या काळात वीज पडणं त्यात नव्हतं. यादीबाहेरचं संकट राज्याला आपलं स्थानिक संकट म्हणून जाहीर करता येतं, पण त्यासाठी निधीचा दहावा हिस्साच वापरता येतो.

हे सगळं मागण्याचा हक्क आहे की ती सरकारची कृपा? याचा निकाल बऱ्याच अंशी ३० जून २०२१ ला लागला. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना मदत द्यावी की नाही यावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, किमान मदतीची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कायद्याने बंधनकारक आहे, त्यात सानुग्रह मदतही आली. रक्कम किती, ते मात्र न्यायालयाने सरकारवर सोडलं. सरकारने ५०,००० ठरवले आणि ते राज्यांच्या याच निधीतून गेले. मिळायला हवं हे पक्कं झालं, किती ते नाही.

इतका वेळ आकड्यांवर बोललो, पण गोव्यात मदत खऱ्या अर्थाने अडते ती तलाठ्याच्या पिशवीतल्या कागदांवर.

पंचनामा कसा होतो ते जवळून पाहा. तुम्ही मामलेदार कार्यालयात किंवा पंचायतीत कळवता. तलाठी येतो, सोबत बहुधा पंचायत सचिव किंवा वाड्यावरचा पंच. पीक असेल तर विभागीय कृषी कार्यालयाचा माणूस, घर असेल तर मूल्यांकनाला सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता, जनावर मेलं असेल तर पशुवैद्य. चिखलात उभं राहून एका हातात छत्री धरून तलाठी विचारतो, “सर्व्हे नंबर काय? एक-चौदाचा उतारा आहे?” तुम्ही म्हणता, “आहे, पण नाव आजोबांचं आहे.” तो मान हलवतो आणि लिहून घेतो. त्याची मान हलवण्याची पद्धत पाहिली की पुढे काय होणार ते साधारण कळतं.

महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा गोव्यात एक-चौदा. त्यावर कब्जेदाराच्या रकान्यात एक नाव, कुळाच्या रकान्यात दुसरं आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा तिसराच. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यातल्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला हक्क दिला, पण मामलेदाराकडून खरेदीचा आदेश घेऊन नाव चढवण्याचं काम अनेकांनी केलेलंच नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा पद्धतीमुळे एका तुकड्याला पंधरा-वीस वारस निघतात, त्यातले काही मुंबईत, काही लंडनमध्ये. कृषी खातं विचारतं, बाकीच्यांची ना हरकत कुठे आहे? अडीच हजारांसाठी लंडनहून सही मागवायला कोण जाणार? आणि दोन वर्षं तोंडी बोलीवर दुसऱ्याच्या शेतात वायंगण (रब्बी भात) करणाऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं. बियाणं त्याचं गेलं, घाम त्याचा गेला, आणि पैसे आले तर कब्जेदाराच्या खात्यात.

घरांची गत अशीच. केंद्राच्या दरपत्रकात एक ओळ आहे की, पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं असावं. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असतं. १९७५ च्या कायद्याने त्याला तिथून हुसकता येत नाही, घराला पंचायतीचा नंबर असतो, घरपट्टी भरलेली असते, वीज असते. तरीही मुंडकार म्हणून नोंद झालेली नसेल तर मालकी सिद्ध करताना दमछाक होते. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, किंवा सरकारी जमिनीवरची घरं तर त्याहून अडचणीत. २०२५ मध्ये सरकारने अशी घरं नियमित करण्यासाठी ‘म्हजें घर’ योजना आणली. तिच्याकडे लोक मालकी हक्काची गोष्ट म्हणून पाहतात. माझ्या मते छप्पर उडाल्या दिवशी तिचा उपयोग जास्त आहे.

म्हणून जी कामं मे महिन्यात करायची ती जुलैत करून भागत नाही. एक-चौदा काढून आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहणं, कृषी कार्ड नवं करून घेणं, घरपट्टीची पावती आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवणं. घराचे चार बाजूंनी फोटो मोबाइलमध्ये असावेत, म्हणजे आधी भिंत कशी होती यावर वाद होत नाही. झाड पडलं तर कापून नेण्याआधी फोटो काढा. मेलेलं जनावर गाडण्याआधी पशुवैद्याला बोलवा, दाखला नसेल तर गाईचे ३७,५०० गेले समजा. पंचनाम्यावर सही करताना नुकसानीची टक्केवारी वाचा. तिथे ३० लिहिलंय की ३५, यावर सगळं अवलंबून आहे आणि नंतर ती बदलून घेणं महाकठीण. दरही दर पाच वर्षांनी बदलतात, तेव्हा मामलेदाराकडे चालू दरपत्रकच मागा. ज्यांना परवडतं त्यांनी विमाही पाहावा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी गृहविमा पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर, वादळ, दरड येतं.

सरकारी पैसा पोचेपर्यंतचे दिवस मात्र गावच काढतं. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध फुटला की काय करायचं हे गोव्यातल्या गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदादी, शतकानुशतकं जाणून होत्या. खाडीचं खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढचे एक-दोन पावसाळे जमीन धुऊन निघायला लागतात, त्यामुळे बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) राखणं ही एकट्या शेतकऱ्याची बाब कधीच नव्हती. कोमुनिदादी मागे पडल्या, ते काम कुळांच्या संघांकडे आणि कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे आलं. आता बांध फुटतो तेव्हा पहिला प्रश्न असतो की निविदा कधी निघणार. तोपर्यंत दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात. शिवाय खेकड्यांनी पोखरून फुटलेला बांध कुठल्याही सरकारी आपत्ती यादीत बसत नाही.

पुराच्या वेळी देवळाच्या मंडपात चूल पेटते, कोणी तांदूळ आणतं, कोणी गॅसचा सिलिंडर. याला कोणी हिशेब विचारत नाही. बाहेरून येणाऱ्या मदतीत मात्र जुन्या कपड्यांचे ढीग फार असतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला टाकलेल्या कपड्यांचे डोंगर साचले होते. पूरग्रस्ताला कोरडी गादी, झाडू, फिनेल, प्लास्टिकची ताडपत्री आणि मुलांच्या वह्या लागतात. शक्य तर रोख.

रोख द्यायची तर कुठे? पंतप्रधानांचा राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाला, तो पूर्णपणे लोकांच्या देणग्यांवर चालतो, त्यात अर्थसंकल्पातला पैसा नसतो. पीएम केअर्स मार्च २०२० चा. मुख्यमंत्री मदत निधी राज्याचा. तिन्हींना दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीत पूर्ण वजावट मिळते, नव्या पद्धतीत व्यक्तीला मिळत नाही. क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर आला असेल तर पैसे पाठवण्याआधी खात्याचं नाव वाचा. आपत्तीच्या दुसऱ्याच दिवशी बनावट कोड फिरू लागतात.

गोव्यात कारखाने आणि खाण कंपन्या आहेत, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा (सीएसआर) विषय निघतोच. आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन २०१९ पासून त्या खर्चाच्या यादीत आहे. पण मुख्यमंत्री मदत निधीला दिलेला पैसा कंपनीला यात धरता येत नाही, तसं केंद्राने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केलं. पीएम केअर्सला दिलेला धरता येतो. त्यामुळे वाळपईतल्या पुरासाठी द्यायचे पैसे दिल्लीला पाठवणं कंपनीला सोयीचं जातं, आणि ते वाळपईला परत येतीलच याची हमी कोणी देत नाही. गावातल्या संस्थेला थेट द्यायचे तर ती नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी हवी, प्राप्तिकर खात्याची नोंदणी आणि देणगीवरच्या वजावटीची मान्यता (जुन्या कायद्यातली १२ए आणि ८०जी) हवी, सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवता यायला हवा. पूर आल्यावर संस्था काढून यातलं काही जमत नाही. वाड्यावरच्या ज्या युवक मंडळांना आणि महिला मंडळांना दर पावसाळ्यात चुली पेटवाव्या लागतात, त्यांनी एखाद्या लेखापालाला गाठून हे कागद एकदा करून टाकावेत. नोंदणी आधीच झालेली असेल तर मंडळाची घटना उघडून उद्देशांत आपत्तीतली मदत लिहिलेली आहे का, तेवढं बघावं. बहुतेक ठिकाणी नाटकं आणि क्रिकेटच्या स्पर्धाच लिहिलेल्या सापडतील.